जुनी वाइन, झाकलेली लेबलं आणि घरचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी मित्रांना बोलावून, लेबलं झाकून जुन्या वाइन चाखायच्या आणि सोबत जेवायचं, अशा बैठकीबद्दलचे हे प्रश्न आहेत. खालची सगळी मापं आठ माणसं, सहा बाटल्या आणि पुण्या-मुंबईतला साधारण दोन-तीन खोल्यांचा फ्लॅट धरून दिली आहेत. माणसं कमी-जास्त असतील तर मापं बदला, क्रम बदलू नका. जुन्या वाइनच्या बाबतीत बहुतेक चुका चवीच्या नसतात, वेळेच्या असतात.

लेबल झाकायचं कशासाठी? जुनी, महाग वाइन आहे, तर बघून प्यायली तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, पण मग माणूस वाइन कमी आणि लेबल जास्त पितो. 2001 साली बोर्दो विद्यापीठातल्या 54 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पांढऱ्या वाइनमध्ये चव नसलेला लाल रंग घालून ती त्यांच्यापुढे ठेवली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हे सगळे वाइनशास्त्र शिकणारे विद्यार्थी होते. डोळा नाकाला एवढा फसवतो, तर नामांकित घराण्याचं नाव किती फसवत असेल!

मात्र एक गोष्ट आधीच ठरवा. झाकण्याचा हेतू वाइनकडे नीट लक्ष जावं हा आहे, मित्रांची परीक्षा घेणं हा नाही. वीस वर्षं अंधारात पडून राहिलेली बाटली कोणाची फजिती करायला उघडू नये.

‘जुनी’ म्हणजे किती जुनी?

द्राक्षावर आणि प्रदेशावर अवलंबून आहे. जगातली बहुतांश वाइन दोन-तीन वर्षांत प्यायची असते. ती ठेवून जुनी होते, चांगली होत नाही. ठेवण्यासारख्या लाल वाइनमध्ये 15 ते 25 वर्षं हा घरगुती बैठकीसाठी सगळ्यात सोयीचा टप्पा. वय स्पष्ट जाणवतं, पण बाटली मेलेली निघण्याचा धोका फार नसतो. तिशीच्या पुढच्या बाटल्यांना स्वतंत्र संध्याकाळ द्या आणि जास्तीच्या बाटल्या हाताशी ठेवा.

सहा बाटल्या कोणत्या निवडाव्यात?

पहिल्यांदाच करत असाल तर एकाच वर्षाच्या, तीन प्रदेशांतल्या लाल वाइन घ्या. स्पेनची रिओहा ग्रान रेझेर्वा, फ्रान्समधली बोर्दोची, तिथल्या नदीच्या डाव्या काठाची, आणि इटलीची बारोलो. 2001 हे साल या तिघांसाठीही चालतं. रिओहाच्या नियामक मंडळाने त्या वर्षाला सर्वोच्च श्रेणी दिली आहे, बारोलोचंही ते वर्ष उत्तम आणि बोर्दोचं चांगलं. प्रत्येक प्रदेशाच्या दोन बाटल्या घेतल्या की दोन फेऱ्या होतात आणि दुसऱ्या फेरीत ‘ही मघाचीच बहीण दिसते’ असं म्हणायची संधी मिळते. खरी गंमत तिथे आहे.

खर्चाचा विचार असेल तर रिओहापासून सुरुवात करा. ग्रान रेझेर्वा कायद्यानेच किमान पाच वर्षं मुरवून बाजारात येते, त्यातली किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात. म्हणजे मुरवण्याचं थोडं काम उत्पादकानेच करून दिलेलं असतं. बारोलोला किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडात.

सहापैकी एक बाटली ‘घुसखोर’ असू द्या. नाशिक किंवा अकलूजकडची एखादी राखून ठेवलेली चांगली लाल वाइन घातली तर हमखास चर्चा होते. एक बारकावा लक्षात असू द्या. आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यामुळे दोन्ही लेबलांवर 2015 असलं तरी आपली वाइन सहा-सात महिन्यांनी थोरली असते. मात्र नाशिककडच्या बहुतेक लाल वाइन तीन-पाच वर्षांत प्यायच्या दृष्टीनेच बनतात. वीस वर्षांच्या बोर्दोशेजारी वीस वर्षांची नाशिकची बसवायला जाऊ नका, सात-आठ वर्षांची पुरे.

अशा बाटल्या आणायच्या कुठून?

भारतात आयातशुल्क आणि राज्याचे कर यामुळे जुनी वाइन महाग पडतेच. खरी अडचण मात्र साठवणुकीची. दुकानाच्या काचेच्या कपाटात, दिव्याखाली, पाच उन्हाळे उभी राहिलेली बाटली घेऊ नका, किंमत कितीही आकर्षक असो. परदेशातून येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. 750 मिलीच्या दोनच बाटल्या त्यात बसतात, तिसरी घेतली की मर्यादा ओलांडली. आठ जणांपैकी तिघं-चौघं वर्षभरात परदेशी जाऊन येणार असतील तर सहा बाटल्या सहज जमतात.

महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन अशा प्रकारांत मिळतो. फारसं कोणी काढत नाही, पण घरी बाटल्या साठवणाऱ्याने काढून ठेवावा.

प्रवास करून आलेली जुनी बाटली लगेच उघडू नका. तीन-चार आठवडे आडवी, अंधारात, थंड जागी पडू द्या. सामानात घुसळलेला गाळ बसायला वेळ लागतो.

उघडण्याआधी बाटलीची तब्येत कळते का?

बरीचशी कळते. आधी पातळी बघा. बोर्दोच्या बाटलीला खांदा असतो. वीस वर्षांच्या बाटलीत वाइन गळ्यात किंवा गळ्याच्या बुंध्याशी असावी. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर बुचातून हवा आत गेलेली असते. मग बूच. ते वर सरकून वेष्टनाला फुगवटा आला असेल, किंवा गळ्यावर चिकट ओघळ वाळला असेल, तर बाटली कधीतरी तापली आहे. बाटली दिव्यासमोर धरा. लाल वाइन आरपार तपकिरी दिसली तर आशा कमी.

वेष्टनाखाली बुचाच्या डोक्यावर काळी बुरशी दिसली तर मात्र घाबरू नका. ती दमट तळघराची खूण आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि पुढे चला.

आठ जणांना सहा बाटल्या पुरतात का? की जास्त होतात?

750 मिलीतून 30 ते 50 मिली गाळात जातात. उरले 700. चाखण्यासाठी प्रत्येकी 50 मिली ओतले की 400 संपले. बाकी 300 जेवणासोबत फिरवायला, म्हणजे आणखी एकेक लहान घोट.

आता उलट बाजूने मोजा. सहा बाटल्या आठ जणांत संपवल्या तर माणशी साधारण 560 मिली वाइन होते. 13 टक्के अल्कोहोल धरलं तर सुमारे 58 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हे थोडंथोडकं नाही. म्हणून थुंकायची सोय, भरपूर पाणी आणि परतीच्या टॅक्सीची तजवीज ही निमंत्रणासोबतच सांगायची गोष्ट आहे. गाडी कोणीही चालवायची नाही, ‘मी फक्त चाखलंय’ म्हणणाऱ्यानेही नाही.

एक सातवी बाटली राखीव ठेवाच. का ते ‘बाटली खराब निघाली हे कशावरून ठरवायचं?’ या प्रश्नात.

पाहुण्यांनी आपापली बाटली आणली तर?

छान, पण त्याच संध्याकाळी नाही. रिक्षात मांडीवर हेलकावे खात आलेली वीस वर्षांची बारोलो म्हणजे गढूळ पाणी. तीन दिवस आधी, वर्तमानपत्रात गुंडाळून पोचवायला सांगा. आणि खर्चाची मर्यादा सगळ्यांना एकच द्या, नाहीतर बाटल्या उघड्या करताना कोणीतरी अवघडतं.

बाटल्या उभ्या कधी करायच्या?

किमान 24 तास आधी, शक्यतो 48. आडव्या बाटलीत गाळ बाजूला बसलेला असतो, तो सावकाश सरकत तळाशी यायला हवा. बारोलोचा गाळ पिठासारखा बारीक असतो, त्याला पूर्ण दोन दिवस द्या. व्हिंटेज पोर्ट (पोर्तुगालची गोड, कडक वाइन) असेल तर तीन.

आपल्या घरांमध्ये मे महिन्यात दोन दिवस ओट्यावर बाटली उभी ठेवणं म्हणजे तिला शिजवणं. फ्रिजचा खालचा एक कप्पा काढून तिथे उभ्या ठेवा. दारात ठेवू नका, दार दिवसातून चाळीस वेळा उघडतं आणि प्रत्येक वेळी गाळ हलतो. शेजारी फणस किंवा चिरलेला कांदा नको.

लाल वाइन ‘रूम टेम्परेचर’ला द्यायची ना?

हा सल्ला ज्या खोल्यांसाठी दिला गेला त्या युरोपातल्या थंड, दगडी खोल्या होत्या. आपली 30 अंशांची खोली नव्हे. जुनी लाल वाइन ग्लासात 16 ते 18 अंशांना असावी. त्यापेक्षा गरम झाली की अल्कोहोल नाकात चढतं आणि नाजूक वास दबतात. फार गार दिली तर टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून-बियांतून येणारा तुरटपणा) जास्तच कडक लागतं.

फ्रिजमधून काढलेली बाटली 30 अंशांच्या खोलीत साधारण तासाभरात 15 अंशांच्या आसपास येते. एसी चालू असेल तर जास्त वेळ. अंदाजापेक्षा स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर बरा: डिकँटरमध्ये (गाळ मागे ठेवून वाइन ज्यात ओततात त्या काचेच्या भांड्यात) बुडवून बघा. 15 ला ओता, ग्लासात दहा मिनिटांत ती 17 होतेच. खोलीचा एसी 22-23 वर आणि वाऱ्याचा झोत टेबलावर नको.

जुनं बूच तुटतं. ते कसं काढायचं?

नेहमीचा वेटरचा स्क्रू नव्या बुचासाठी ठीक. वीस-पंचवीस वर्षांचं बूच मध्ये भुसभुशीत आणि कडेला चिकटलेलं असतं. स्क्रू मधला भाग उपसून आणतो आणि कडा जागीच राहते. त्यासाठी दोन पात्यांचा ओपनर वापरा, त्याला ‘आ-सो’ म्हणतात.

गळ्यावरचं वेष्टन पूर्ण काढा, नुसतं वरचं वर्तुळ कापू नका. त्याचा रंग आणि त्यावरची नक्षीही ओळख सांगते. बाटलीचं तोंड ओल्या कापडाने पुसा. आता लांब पातं आधी, बूच आणि काच यांच्या फटीत बोटभर सरकवा, मग आखूड पातं समोरच्या बाजूला. दोन्ही पाती आलटून पालटून, डावं-उजवं डोलवत, खाली जाऊ द्या. सरळ दाबलं तर बूच आत पडतं, ही सगळ्यात नेहमीची चूक. मूठ काचेला टेकली की हळूहळू पिळत वर ओढा. पिळणं जास्त, ओढणं कमी.

बूच फारच मऊ असेल तर स्क्रू आणि दोन पाती एकत्र असलेला ‘ड्युरँड’ हा ओपनर कामाचा. महाग आहे, मंडळात एक असला की पुरे.

तरीही तुकडे आत पडलेच तर वाइनला काही होत नाही. स्टीलच्या बारीक गाळणीतून किंवा गरम पाण्यात, साबणाशिवाय धुतलेल्या मलमलीतून गाळा. कॉफीचा कागदी फिल्टर नको, कागदाचा वास उतरतो.

गाळ वेगळा कसा करायचा?

मेणबत्तीची हौस असेल तर ठीक, नाहीतर मोबाइल टेबलावर पालथा ठेवून टॉर्च वर करा. बाटलीचा गळा त्या उजेडावर येईल असा धरा आणि एका दमात, न थांबता, बारीक धारेने ओता. मध्ये थांबून बाटली सरळ केली की आतली वाइन मागे उसळते आणि तळाचा गाळ सगळीकडे होतो. मग पुन्हा दोन दिवस थांबा. सुरुवातीला उजेडात स्वच्छ माणकासारखी धार दिसते. शेवटाकडे खांद्यापाशी धुरासारखी एक काळी रेघ सरकत येते. ती गळ्याशी पोचली की थांबा. मागे राहिलेले 40 मिली सोडून द्यायचे, लोभ करायचा नाही.

किती आधी उघडायची?

इथे जाणकारांत खडाजंगी होते, आणि दोन्ही बाजूंना अनुभव आहे. एक पक्ष म्हणतो, जुनी वाइन ऐन वेळी उघडा, ती तासाभरात विझते. दुसरा पक्ष फ्रान्सच्या फ्रांस्वा ओदूझ यांच्या पद्धतीचा. बाटली चार-पाच तास आधी उघडून, न ओतता, तशीच उभी ठेवायची. गळ्यातल्या रुपयाएवढ्या पृष्ठभागातून हवा सावकाश लागते आणि बंदिस्त, कुबट वास निघून जातो.

घरगुती बैठकीसाठी मधला मार्ग बरा पडतो. तीन तास आधी सगळ्या बाटल्या उघडा, प्रत्येकीतून चमचाभर वाइन काढून वास घ्या. त्यावरून ठरवा. कडक आणि मिटलेली वाटली, विशेषतः बारोलो, तर लगेच डिकँट करा. मोकळी आणि नाजूक असेल तर बाटलीतच राहू द्या आणि पाहुणे यायच्या वेळी गाळ वेगळा करा. तीन तास आधी उघडण्याचा आणखी एक फायदा म्हणजे खराब बाटली तेव्हाच कळते, सगळ्यांसमोर नाही.

बाटल्या झाकायच्या कशा? यजमानालाही कळू नये असं करता येईल का?

नुसतं कागदात गुंडाळून भागत नाही. बोर्दोची बाटली खांद्याची, बरगंडीची उतरत्या खांद्याची, रीसलिंग या पांढऱ्या वाइनची उंच सडपातळ. हातात धरताच अर्धं उत्तर मिळतं. स्क्रूकॅप असेल तर ती उघडतानाचा कर्रकन आवाजही चहाडी करतो, म्हणून उघडणं स्वयंपाकघरात, दार लावून.

सगळ्यात चोख पद्धत अशी. सहा एकसारख्या, साध्या रिकाम्या बाटल्या जमवा आणि नुसत्या गरम पाण्याने तीनदा धुऊन पालथ्या वाळवा. एकजण (अ) मूळ बाटल्या उघडून गाळ सोडून वाइन या बाटल्यांत ओततो आणि प्रत्येकीच्या बुडाला नावाची चिठ्ठी चिकटवतो. मग तो बाहेर जातो. दुसरा (ब) बुडाकडे न बघता प्रत्येक फेरीतल्या तीन बाटल्यांची अदलाबदल करतो आणि त्यांवर क, ख, ग, च, छ, ज अशी अक्षरं लावतो. अ ला वाइन माहीत आहेत पण क्रम नाही, ब ला क्रम माहीत आहे पण वाइन नाहीत. दोघेही टेबलावर बसू शकतात.

आकडे लावू नका. ‘1’ लिहिलेली वाइन उगाच पहिली वाटते.

एवढा खटाटोप नको असेल तर जाड लोकरी मोजे बाटल्यांवर चढवा. मोजे धुतलेले असावेत, हे सांगायला नको, पण सांगितलेलं बरं.

ग्लास किती आणि कोणते लागतील?

दोन फेऱ्या, तीन-तीन वाइन, आठ माणसं: 48 ग्लास. 24च असतील तर पहिल्या फेरीतली वाइन नंतर पुन्हा चाखता येणार नाही. तेव्हा दुसऱ्या फेरीआधी तेच ग्लास पाण्याने विसळा, मग पुढच्या वाइनचे काही थेंब फिरवून ओतून टाका. पाण्याचे थेंब राहिलेल्या ग्लासात वाइन पातळ लागते. चाखण्याचा प्रमाणित आयएसओ ग्लास 215 मिलीचा, ट्यूलिपच्या आकाराचा असतो. स्वस्त, मजबूत आणि या कामाला अगदी पुरेसा. केटररकडून भाड्याने आणलेत तर आदल्या दिवशी रिकाम्या ग्लासात नाक घाला. खोक्याचा, लिंबाच्या साबणाचा किंवा ओल्या फडक्याचा वास येतोच. गरम पाण्याने धुवा, सुती कापडाने पुसा आणि पालथे ठेवू नका, आतली हवा कोंडते.

प्रत्येकासमोर पांढरा कागद, त्यावर तीन वर्तुळं आणि अक्षरं. ग्लास त्या वर्तुळावरच परत ठेवायचा हा नियम दोनदा सांगा. ग्लासांची अदलाबदल झाली की सगळा खेळ संपला.

घरातल्या वासांचं काय?

हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. त्या दिवशी दुपारनंतर उदबत्ती, धूप, डासांची कॉइल बंद. टेबलावर निशिगंध, मोगरा नको. पाहुण्यांना अत्तर-परफ्यूम न लावता यायला सांगा, गजराही नको. आणि हिंग-मोहरीची फोडणी पाहुणे यायच्या किमान दोन तास आधी उरकून खिडक्या उघडा. मिरचीचा खाट बसला की पुढचा तासभर कोणाच्या नाकाला काही कळत नाही.

संध्याकाळचा क्रम कसा ठेवावा?

सात वाजता पाहुणे, पाणी आणि साधा पाव. सव्वासातला पहिली फेरी, उपाशीपोटी नाही पण जेवणाआधी. पहिली दहा मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने लिहायचं. शांतता महत्त्वाची, कारण ‘हं, ही तर उघड उघड बोर्दो!’ असं एकाने खणखणीत म्हटलं की बाकी सातजणांनाही बोर्दोच लागायला लागते. आठला चर्चा. सव्वाआठला जेवण वाढा आणि दुसरी फेरी जेवणासोबत. ग्लास पुरेसे असतील तर पहिल्या फेरीतले उचलू नका, तासाभराने त्यातली वाइन पुन्हा चाखून बघा. सुरुवातीला मुकी वाटलेली बारोलो तेव्हा बोलायला लागते आणि सुरुवातीला लाघवी वाटलेली एखादी बसलेली असते.

फेऱ्यांची मांडणी वयापेक्षा जोरावर करा. नाजूक आधी, दणकट नंतर. ‘नवी आधी, जुनी नंतर’ हा पारंपरिक नियम इथे उलटा पडतो: जोमदार तरुण वाइननंतर जुनी वाइन पाण्यासारखी लागते.

जेवायला काय करावं? आपलं जेवण चालतं का?

चालतं, पण निवडून. जुन्या वाइनचे चार शत्रू: तिखट, आंबट, गोड आणि व्हिनेगर. तिखटाने अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही भाजल्यासारखे लागतात. चिंच-कोकमाने वाइन सपाट होते. आमटीतला गूळ आणि कोशिंबिरीतली साखर कोरड्या वाइनला आंबट करते. तांबडा रस्सा, ठेचा, लोणचं, कच्चा कांदा आणि लिंबाची फोड त्या दिवशी रजेवर. तांबडा रस्सा वाईट आहे असं नाही. त्याच्यापुढे वीस वर्षांची वाइन टिकणार नाही, एवढंच.

मटणाची अख्खी रान हा सगळ्यात सुरक्षित पदार्थ. दोन किलोच्या रानेला चार चहाचे चमचे मीठ, भरपूर ठेचलेला लसूण, जाडसर काळी मिरी आणि लोणी चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दही आणि लिंबू नाही. दुसऱ्या दिवशी कपभर अळणी सूप घालून, फॉइलने घट्ट झाकून, 150 अंशांवर साडेतीन तास. शेवटची वीस मिनिटं फॉइल काढून रंग येऊ द्या. मीठ आणि मांसातली प्रथिनं टॅनिनची धार बोथट करतात, म्हणून ही जोडी जुळते.

शाकाहारी पाहुण्यांसाठी अळंबी. किलोभर अळंबी एकदम कढईत टाकली तर ती उकडते. तीन वेळा, मोठ्या आचेवर, लोण्यात तपकिरी होईपर्यंत परता. जुन्या वाइनमधला ओल्या मातीचा, पालापाचोळ्याचा वास आणि भाजलेली अळंबी एकमेकांना शोधतच असतात. सोबत लसूण-मिरी घालून शिजवलेला अख्खा मसूर आणि तूप-भात. भरली वांगीही जमतात, चिंच-गूळ वगळून आणि दाण्याचं कूट वाढवून. मग ती भरली वांगी राहतात का, हा वाद जेवताना घालता येईल.

पांढरा रस्सा मिरची कमी ठेवून केला तर त्यासोबत लाल नव्हे, जुनी रीसलिंग किंवा ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीची सेमियों द्या. गोडासाठी श्रीखंड टाळा, त्याचा आंबटपणा सगळ्यांशी भांडतो. पुरणपोळी आणि वीस वर्षांची टॉनी पोर्ट (लाकडी पिंपात मुरलेली पोर्ट) एकदा करून बघाच. टॉनीला गाळ नसतो, डिकँट करायची गरज नाही.

वय कसं ओळखायचं? पुस्तकातले वास आपल्याला माहीतच नसतात.

ग्लास पांढऱ्या कागदावर आडवा कलवा आणि वाइनची कड बघा. तरुण लाल वाइनची कड जांभळट, मग माणकासारखी, मग विटकरी, शेवटी पाणीदार तपकिरी. लाल वाइन वयाने फिकट होते, पांढरी गडद. एक अपवाद: बारोलो ज्या नेब्बिओलो द्राक्षाची, ती दहा वर्षांतच नारिंगी कड दाखवते, त्यामुळे ती हमखास खऱ्या वयापेक्षा म्हातारी वाटते.

वासांची परदेशी यादी पाठ करायची गरज नाही. रिओहा जुन्या पद्धतीने अमेरिकन ओकमध्ये मुरते आणि त्या लाकडातून सुक्या खोबऱ्याचा आणि चक्क शेपूच्या भाजीचा वास येतो. शेपू ओळखायला आपल्याइतकं तयार नाक कोणाचं? जुन्या रीसलिंगमध्ये रॉकेलचा वास येतो. तो दोष नाही, त्या द्राक्षाची वयात आल्याची खूण आहे. बारोलोत गुलाब आणि उन्हात तापलेलं डांबर. बोर्दोत पेन्सिल टोकरल्यावर येणारा लाकडाचा वास, तंबाखूचं पान, चामडं. फळ असतंच, पण ताज्या जांभळाचं नव्हे, अंजीर-खजुराचं.

बाटली खराब निघाली हे कशावरून ठरवायचं?

ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात न वाळलेल्या गोणपाटाचा वास आला आणि फळ नाहीसं झालेलं असेल, तर बूच लागलंय, म्हणजे बुचाचा दोष वाइनमध्ये उतरलाय. टीसीए नावाचं संयुग त्याला कारणीभूत असतं आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅमही नाकाला पुरतात. हा वास हवेने जात नाही, उलट वाढतो. राखीव बाटली काढा.

साधा कुबटपणा, काडी पेटवल्यासारखा किंवा उकडलेल्या अंड्यासारखा वास मात्र वीस मिनिटांत उडू शकतो, घाईने बाटली मोरीत ओतू नका. मुरंब्यासारखा शिजका वास म्हणजे उन्हाळा लागला आहे. नेलपॉलिश रिमूव्हरचा वास थोडा असेल तर जुन्या वाइनला शोभतो, जास्त असेल तर नाही. गोठ्याचा वास यीस्टमुळे येतो, त्यावर मतभेद होतील, होऊ द्या.

नवख्या मंडळींना काही ओळखताच येत नाही. त्यांचा विरस होतो.

त्यांना ‘ही कोणती वाइन?’ असं विचारूच नका. ऑस्ट्रेलियाच्या लेन एव्हान्स यांनी रूढ केलेला पर्यायांचा खेळ खेळा. ‘ही स्पेनची, इटलीची की फ्रान्सची?’ उत्तर लिहा, एक गुण. ‘15 वर्षांपेक्षा जुनी की नवी?’ एक गुण. ‘समुद्राजवळची की डोंगरपायथ्याची?’ असे पाच प्रश्न. यात अंदाजानेही गुण मिळतात आणि जाणकार हमखास एखादा चुकतो. मात्र प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत हवं, म्हणजे अक्षरं आणि वाइन या दोन्हींची माहिती असलेला कोणीतरी टेबलाबाहेर लागतो.

आमच्यातला एकजण पीतच नाही. त्याला बोलवायचं का?

वरच्या प्रश्नातला टेबलाबाहेरचा माणूस तोच. पंगतीत वाढप्याला जो मान असतो, तो इथे त्याला द्या. उत्तरं त्याच्या खिशात, ओतणं त्याच्या हातात, वेळेवर नजर त्याची. जेवायला मात्र सगळ्यांसोबत बसवा.

थुंकायचं म्हणजे कसंतरीच वाटतं.

ज्या घरांत एकेकाळी पितळेची पिकदाणी बैठकीत मांडलेली असे, तिथे हे अवघड जाऊ नये. प्रत्येकाला एक अपारदर्शक उंच स्टीलचा पेला द्या, तळाशी दोन टिश्यू पेपर, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. आधी यजमानाने थुंकून दाखवलं की बाकीचे मोकळे होतात.

गुण द्यायचे का?

शंभरपैकी गुण देऊ नका, घरी त्याला अर्थ नाही. प्रत्येकाने आवडीचा क्रम लावावा: पहिली 1, शेवटची 6. बेरीज करा, सगळ्यात कमी बेरीज ती जिंकली. आणि मग दुसरी गोष्ट बघा, जी जास्त रंजक असते: कोणत्या बाटलीला कोणी 1 दिलाय आणि कोणी 6? बोलण्यासारखी वाइन बहुधा तीच.

लेबलं कधी उघडी करायची?

सगळ्या एकदम, दोन्ही फेऱ्या आणि जेवण झाल्यावर, कागदावर शाईने लिहिलेली उत्तरं जमा करून. 24 मे 1976 ला स्टीव्हन स्परियर यांनी पॅरिसमध्ये घेतलेल्या त्या गाजलेल्या चाचणीत पांढऱ्या वाइनचे निकाल लाल वाइन चाखण्याआधीच जाहीर झाले. कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली होती. त्यानंतर लाल वाइन चाखताना फ्रेंच परीक्षक सावध झाले नसतील तरच नवल. लालमध्येही कॅलिफोर्नियाच पहिली आली, पण आपल्या टेबलावर ती शंका कशाला ठेवायची?

उरलेली वाइन दुसऱ्या दिवशी चालते?

तरुण वाइन चालते. वीस वर्षांची सकाळपर्यंत बहुधा गेलेली असते, फ्रिजमध्ये बूच लावून ठेवली तरी. डिकँटरमधलं जे उरेल ते रात्रीच संपवा. गाळासकट राहिलेले तळाचे 40 मिली मलमलीतून गाळून रानेच्या रसात घाला, दोन मिनिटं उकळा आणि उरलेल्या मटणावर ओता. रिकाम्या बाटल्या रात्रीच विसळून ठेवा, सकाळपर्यंत गाळ काचेला चिकटून बसतो आणि मग ब्रशनेही निघत नाही.